टीमची कॅप

क्रीडासंघाचे चिन्ह पुढच्या भागावर भरतकामाने उठवलेली आणि कपाळापुढे कडक पट्टी असलेली टोपी. त्या संघाशी, किंबहुना त्या खेळाशीही, काही संबंध नसताना ती केवळ दिसण्यासाठी घातली जाते; प्रस्तुत नोंद या वापराची आहे. नागपूर परिसरात ‘संघाची टोपी’ म्हटले की राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशातील काळी टोपी समजली जाते, म्हणून येथे ‘टीमची कॅप’ हा बोलण्यातला शब्द घेतला आहे.

कॅपचे मूळ अमेरिकेतील बेसबॉलमध्ये आहे. उंच उडालेला चेंडू झेलताना डोळ्यांवर ऊन येऊ नये यासाठी पुढची पट्टी आली. सहा कळ्या एकत्र शिवून वर बटण, प्रत्येक कळीला हवेसाठी एक छिद्र, आत घाम टिपणारी पट्टी, अशी तिची बांधणी आहे. बफेलो येथे १९२० मध्ये सुरू झालेल्या न्यू एरा कंपनीने १९५४ मध्ये ‘५९फिफ्टी’ हा नमुना काढला आणि तो पुढे प्रमाण ठरला. सर्वाधिक दिसणारे चिन्ह न्यूयॉर्क यांकीज संघाचे, एकमेकांत गुंतलेल्या ‘एन’ आणि ‘वाय’ या अक्षरांचे. संघाने ते १९०९ मध्ये घेतले. त्याचा आराखडा मात्र टिफनी या जवाहिऱ्यांनी १८७७ मध्ये एका पोलीस पदकासाठी केला होता. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी १९९६ मध्ये हीच कॅप लाल रंगात करून मागितली. संघाचा रंग गडद निळा. तेव्हापासून चिन्ह संघाचे आणि रंग कपड्यांना साजेसा, ही रीत पडली. हिप-हॉप गायकांमुळे ती अमेरिकेबाहेर पोहोचली.

महाराष्ट्रात डोक्यावरच्या वस्त्रावरून माणूस ओळखण्याची सवय जुनी आहे. पगडी, पागोटे, फेटा यांच्या बांधणीवरून गाव आणि जात कळे. जुन्या मराठी लेखनात तर युरोपीय व्यापाऱ्यांना ‘टोपीकर’ हेच नाव पडले. गांधी टोपीने पक्ष सांगितला. टीमच्या कॅपवर अक्षरे ठळक असूनही घालणाऱ्याविषयी ती यातले काहीच सांगत नाहीत. हाच तिचा खरा वेगळेपणा आहे, आणि नव्या औद्योगिक गावात तो विशेष सोयीचा ठरतो.

बुटीबोरी हे असे गाव आहे. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर, मोठ्या औद्योगिक वसाहतीभोवती ते वाढले. कामाला येणारी मुले वेगवेगळ्या जिल्ह्यांतली आणि राज्यांतली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुपट्ट्यावर कॅप चढवून दुचाकी चालवणारे रस्त्यावर सहज दिसतात. ती कारखान्याच्या गेटवर उतरते आणि तिच्या जागी हेल्मेट येते. महिनाभरात आतली पट्टी काळपट पडते, बाहेर घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटते. ‘एन-वाय’ तेवढे शाबूत राहते. स्वस्त नकलेत ही अक्षरे चपटी असतात आणि दोन अक्षरांमधला धागा कापलेला नसतो. कापड बहुधा पॉलिएस्टरचे; याच वसाहतीत इंडोरामाचा पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना आहे. अशी नक्कल विकणे बोधचिन्हाच्या मालकी हक्काचा भंग ठरते, तरी पदपथावरच्या ढिगात ती सर्रास मिळते.

क्रिकेटची कॅप येथे वेगळ्या वाटेने येते. नागपूर आणि बुटीबोरी यांच्या दरम्यान, वर्धा मार्गावर, जामठ्याला विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मैदान आहे. तेथे २००८ मध्ये पहिली कसोटी झाली. सामन्याच्या दिवशी बाहेर निळ्या कॅप विकल्या जातात. त्या दिवशी ती मनापासून पाठिराख्याची असते, दुसऱ्या दिवसापासून उन्हाची. आयपीएलमध्ये विदर्भाचा संघ नाही, त्यामुळे मुंबई किंवा चेन्नईची कॅप येथे रंग पाहूनही घेतली जाते. विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीन वेळा रणजी करंडक जिंकला, त्यांतले शेवटचे दोन अंतिम सामने जामठ्यालाच झाले. ज्या संघावर या भागाचा खरा हक्क आहे त्याची कॅप मात्र रस्त्यावरच्या ढिगात क्वचितच सापडते.