चाकांचा कल

चारचाकी घोडागाडी वळवितांना पूर्वीं पुढला सबंध आंसच मध्यावरच्या खिळीभोंवतीं फिरे. वळण अरुंद असलें कीं पुढचीं चाकें पेटीखालीं शिरत, गाडीचा आधार आकुंचित होई आणि ती उलटण्याचें भय राही. म्युनिक येथील गाड्या बनविणारे गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांनीं आंस स्थिर ठेवून प्रत्येक चाक स्वतंत्र खुंटीवर वळविण्याची युक्ति काढली. १८१८ सालीं लंडनमध्यें रुडॉल्फ ॲकरमन यांनीं तिचें पेटंट घेतलें. शोध एकाचा, नांव मात्र दुसऱ्याचें रूढ झालें. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालच्या आपल्या मोटारीस तीनच चाकें ठेवून हा प्रश्न टाळला. चार चाकांच्या गाडीसाठीं अशा रचनेचें पेटंट त्यांनीं १८९३ सालीं घेतलें.

पुढें वेग वाढला, तेव्हां चाक वळतें एवढेंच पाहून भागेना; तें कोणत्या कोनांत उभें आहे, हेंही पाहणें भाग पडलें. हे कोन मुख्यतः तीन. चाकाचा माथा आंत वा बाहेर झुकलेला असणें हा कॅम्बर. चाक ज्या रेषेभोंवतीं वळतें, तिचा माथा मागें कललेला असणें हा कॅस्टर. सायकलच्या पुढल्या चिमट्याचा कल असाच असतो, व त्यामुळें चाक आपण होऊन सरळ होऊं पाहतें. दोन चाकांच्या पुढल्या कडा किंचित् जवळ असणें हा टो-इन आणि दूर असणें हा टो-आउट.

वळणावर गाडीचा सांगाडा बाहेर कलतो व त्याबरोबर बाहेरचें चाकही कडेवर उभें राहूं लागतें. तें आधींच आंत झुकविलें असेल, तर ऐन वळणांत टायरचा पूर्ण पृष्ठभाग जमिनीवर टेकतो. म्हणून शर्यतीच्या गाडीस हा झुकाव अधिक देतात. परंतु सरळ रस्त्यावर त्याच टायरची आंतली कड लवकर झिजते, आणि ब्रेक दाबतांना पकड उणी पडते.

मर्सेडीझ-बेंझ ३०० एसएल ही गाडी या विषयांतला बोलका दाखला आहे. १९५२ सालीं तिच्या शर्यती रूपानें ल मां येथें विजय मिळविला; १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत तिचें रस्त्यावरचें रूप मांडण्यांत आलें. तिच्या मागल्या आंसाचे दोन भाग मध्यापाशीं सांध्यांवर झुलत. म्हणून चाक वरखालीं होतांच त्याचा कलही बदले. भरवेगांत वळणावर चालकानें एकदम पाय काढला, कीं मागली बाजू उचले, चाक पोटाखालीं दुमडूं पाही आणि गाडीची शेपटी बाहेर फेंकली जाई. पाय काढणें हा तर घाबरलेल्या माणसाचा स्वाभाविक धर्म! १९५७ सालच्या उघड्या गाडींत कारखान्यानें हा सांधा खालीं आणून तो दोष पुष्कळ सौम्य केला.

१९८९ सालीं आलेल्या मझ्दाच्या एमएक्स-५ या छोट्या गाडींत चारही चाकांचे कोन बोल्टांनीं बदलण्याची सोय होती. निवड आतां मालकाच्या हातीं आली, आणि तिची जबाबदारीही. पुढें टो-आउट दिल्यास गाडी चपळाईनें वळते, पण सरळ रस्त्यावर अस्वस्थ भटकते. मागें दिल्यास ती सहज घसरते. म्हणून रोजच्या वापरास आंतला झुकाव सुमारें १ अंश, मागें अल्पसा टो-इन, आणि दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा, हीच निवड शहाणपणाची ठरते. शर्यतीच्या मैदानांत चूक झाली तर बहुधा चालकाचेंच नुकसान होतें. रस्त्यावर मात्र समोरून कोणी तरी येत असतें. तेथें एखाद्या क्षणाच्या वेगापेक्षां चूक पोटांत घालणारी गाडीच चांगली.