रक्तशाख डॉगवुड : टोपलीच्या काडीपासून हिवाळी उद्यानापर्यंत

उद्यानांचा इतिहास बहुधा फुलांच्या आणि उद्यानस्वामींच्या अनुषंगाने लिहिला जातो. कोणते फूल कोणत्या देशातून केव्हा आले, ते कोणी रुजविले आणि त्याची आवड कशी पसरली, एवढे सांगून झाले म्हणजे त्या वनस्पतीचा इतिहास पुरा झाला असे समजण्याची प्रथा आहे. ज्या झुडपाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, ते ह्या प्रथेत नीट बसत नाही. त्याची फुले लहान व पांढुरकी असतात, त्यांच्यासाठी कोणी ते लावीत नाही. ते लावले जाते ते पाने गळून गेल्यावर उघड्या पडणाऱ्या त्याच्या तांबड्याभडक डहाळ्यांसाठी. आणि ह्या डहाळ्यांचा रंग टिकतो तो माणसाने केलेल्या छाटणीमुळे. म्हणून ह्या झुडपाचा इतिहास हा मुख्यतः छाटणीचा, म्हणजेच हाताच्या कामाचा, इतिहास होय.

हे झुडूप इंग्रजीत ‘रेड ट्विग डॉगवुड’ अथवा ‘रेड ओझिअर डॉगवुड’ ह्या नावांनी ओळखले जाते. मराठीत त्यास रूढ नाव नाही. ‘श्वानकाष्ठ’ असे शब्दशः भाषांतर केल्यास अर्थबोधाऐवजी घोटाळाच व्हावा, म्हणून येथे ‘रक्तशाख डॉगवुड’ असा शब्दप्रयोग केला आहे. ‘ओझिअर’ हा शब्द मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. टोपल्या विणण्यास उपयोगी पडणाऱ्या विलोच्या लवचीक काड्यांना तो लावतात. आपल्याकडील ओढ्याकाठचे वाळुंज हे ह्याच विलोच्या कुळातील. डॉगवुडचे कूळ अगदी वेगळे, तथापि त्याच्या सरळ व लवचीक काड्यांमुळे त्यास विलोचे नाव चिकटले. नावातच अशा रीतीने टोपलीची आठवण राहिलेली आहे.

ह्या झुडपाची मूळ भूमी उत्तर अमेरिका होय. अलास्का व कॅनडापासून दक्षिणेस थेट मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत, ओढ्यांच्या काठी आणि दलदलीच्या कडेला ते वाढते. तेथील मूळ रहिवाशांना ते पूर्वापार परिचित होते. ओजिब्वे लोकांच्या भाषेतील त्याच्या नावात तांबड्या रंगाचा वाचक शब्द आहे, आणि लकोटांच्या ‘चान्शाशा’ ह्या नावाचा अर्थही ‘तांबडे लाकूड’ असाच होतो. त्याच्या आतील सालीचा उपयोग धूम्रपानाच्या मिश्रणात होत असे. ह्या मिश्रणास ‘किनिकिनिक’ म्हणत, आणि अल्गॉन्क्वियन भाषांतून आलेल्या ह्या शब्दाचा अर्थच ‘मिश्रण’ असा आहे. लुईस आणि क्लार्क ह्यांची मोहीम पॅसिफिक किनाऱ्यावर मुक्कामास असता त्यांच्याजवळील तंबाखू संपली. तेहेतीस जणांपैकी केवळ सात जण तंबाखू न घेणारे होते. ओढणाऱ्यांनी तंबाखूऐवजी ‘तांबड्या विलो’ची आतील साल पत्करली, अशी नोंद लुईसने मार्च १८०६ मध्ये केली आहे. हा तांबडा विलो म्हणजे आपले डॉगवुडच. पुढे मेल्विन गिल्मोर (१९१९) आणि फ्रान्सेस डेन्समोर (१९२८) ह्यांनी अनुक्रमे मिसूरी खोऱ्यातील जमाती व चिपेवा लोक ह्यांच्या वनस्पतीविषयक ज्ञानाची संकलने प्रसिद्ध केली. त्यांतही डॉगवुडांना स्थान मिळालेले आहे.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने सालीपेक्षा काडी अधिक महत्त्वाची. विणकामास जुनी, फाटे फुटलेली फांदी चालत नाही. तेथे एका वर्षाचा, सरळ व बिनफाट्याचा धुमारा लागतो. असे धुमारे झुडूप आपण होऊन विपुल देत नाही. ते जमिनीलगत कापावे किंवा जाळावे लागते, तेव्हा बुंध्यातून नवे कोंब जोमाने वर येतात. कॅलिफोर्नियातील अनेक जमाती हेझल, रेडबड, विलो आणि डॉगवुड अशा झुडपांची ह्याच रीतीने, ठरावीक काळाने आग लावून वा छाटून, जोपासना करीत असत. एम. कॅट अँडरसन ह्यांच्या २००५ सालच्या ‘टेंडिंग द वाइल्ड’ ह्या ग्रंथात ह्या पद्धतींचा विस्तृत परामर्श घेतला आहे. ज्या भूप्रदेशास नवागत ‘रान’ म्हणत होते, तो पुष्कळ अंशी राखलेला भूप्रदेश होता, हा त्याचा निष्कर्ष होय.

युरोपीय शास्त्रात ही वनस्पती शिरली ती नावाच्या रूपाने. लिनिअसने १७६७ मध्ये ‘कॉर्नस आल्बा’ आणि १७७१ मध्ये ‘कॉर्नस सेरिसिआ’ ही नावे दिली. त्यांपैकी पहिले पुढे सायबेरिया, उत्तर चीन व कोरिया येथील जातीकडे गेले. ज्या झुडपाची कीर्ती तांबड्या रंगासाठी, त्याच्या नावात ‘आल्बा’ म्हणजे ‘पांढरे’ हे विशेषण यावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचा संबंध पांढऱ्या फळांशी आहे. आंद्रे मिशो ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८५ ते १७९६ पर्यंत अमेरिकेत भ्रमण केले. त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘कॉर्नस स्टोलोनिफेरा’ हे नाव आले. जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटून झुडूप पसरते, हा गुण ह्या नावाने सुचविला. लिनिअसचे सेरिसिआ आणि मिशोचे स्टोलोनिफेरा एकच, असे फॉसबर्ग ह्यांनी १९४२ मध्ये प्रतिपादिले. रोपवाटिकांतून मात्र ही नावे दीर्घकाळ एकमेकांत मिसळत राहिली. ह्या सर्व नामकरणात काडी कापणाऱ्या हाताचा निर्देश कोठेही नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्यानरचनेविषयीची अभिरुची बदलू लागली. विल्यम रॉबिन्सन ह्यांच्या ‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) ह्या पुस्तकाने आखीव वाफ्यांऐवजी निसर्गसदृश लावणीचा पुरस्कार केला. अशा रचनेत पाणवठ्याच्या काठी डॉगवुडचे पुंजके शोभून दिसत. आशियाई जातीचे ‘सिबिरिका’ हे तेजस्वी वाण आणि बर्लिनच्या श्पेट रोपवाटिकेचे नाव धारण करणारे, सोनेरी कडांच्या पानांचे ‘श्पेथाय’ हे वाण लोकप्रिय झाले. विसाव्या शतकात केवळ हिवाळ्यासाठी उद्यान ही कल्पना रूढ झाली. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात १९५१ मध्ये असे हिवाळी उद्यान करण्यात आले व १९७९ मध्ये त्याची नव्या जागी पुनर्रचना झाली. तेथे तांबड्या आणि पिवळ्या डहाळ्यांचे ताटवे, हिवाळ्यातील तिरपे ऊन त्यांवर पडावे अशा बेताने लावलेले आहेत.

ह्या लावणीमागील शास्त्र साधे आहे. डहाळीचा तांबडा रंग सालीतील अँथोसायनिन ह्या रंगद्रव्यामुळे येतो. कोवळ्या सालीत तो तेजस्वी असतो. तिसऱ्या वर्षानंतर साल करडी व खडबडीत होत जाते. म्हणून माळी हिवाळ्याच्या अखेरीस, कोंब फुटण्यापूर्वी, सर्वांत जुन्या अशा सुमारे एक-तृतीयांश फांद्या बुडापासून काढतात. झुडूप चांगले रुजलेले असल्यास ते सबंध जमिनीलगत कापले तरी चालते. रंगासाठी भरपूर ऊन हवे, वाढीसाठी ओलसर जमीन हवी. विश्रांतीच्या काळात घेतलेली छाट कलमे सहज रुजतात, आणि दाब कलम तर झुडूप स्वतःच करून घेते. उंची बहुधा दोन ते तीन मीटर होते. बुरूड ज्याप्रमाणे बांबूचे वय पाहून तो निवडतो, त्याप्रमाणेच येथेही काडीचे वय हाच सर्व व्यवहाराचा पाया आहे.

१९६० नंतरच्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात सी. जे. वाइझर व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या झुडपावर थंडी सोसण्याच्या शक्तीसंबंधी मूलगामी प्रयोग केले. दिवस लहान होऊ लागल्याची खूण पानांना कळते आणि झुडूप पहिल्या पायरीची सिद्धता करते. पुढील पायरी प्रत्यक्ष गारठ्याने गाठली जाते. पूर्ण सिद्ध झालेली डहाळी द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानातही जिवंत राहते. स्मिथबर्ग व वाइझर ह्यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, निरनिराळ्या प्रदेशांतून आणून एकत्र लावलेली झुडपे भर हिवाळ्यात सारखीच काटक ठरतात, परंतु ती सिद्धता साधण्याचा त्यांचा काळ भिन्न असतो. उत्तरेकडील रोपे लवकर सावध होतात, सौम्य हवेतील रोपे उशिरा. अर्थात रोप कोणत्या भूमीतील, हा प्रश्न निव्वळ कुलवृत्तांताचा राहत नाही. शरदातील पहिल्या कडक थंडीत त्यावर रोपाचे जगणे अवलंबून असते. आज ओढ्यांचे काठ सावरण्यासाठी ह्याच्या जिवंत काड्या ओल्या मातीत खोवल्या जातात. तेथेही स्थानिक काडी घ्यावी, हा धडा ह्यातून निघतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उद्यानातील छाटणी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून उचलली, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. युरोपात विलोच्या काड्यांसाठी बुंध्यापासून छाटणी करण्याची स्वतंत्र व प्राचीन परंपरा होती. दोन खंडांतील कारागिरांनी वनस्पतीचा एकच स्वभाव आपापल्या परीने ओळखला, असेच म्हणावे लागते. भेद आहे तो पुढील इतिहासात. युरोपीय माळ्याच्या छाटणीस शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. कॅलिफोर्नियात मात्र १८५० च्या कायद्याने कुरणांना आग लावणे दंडनीय ठरविले, आणि विसाव्या शतकातील वनखात्याच्या धोरणाने प्रत्येक वणवा विझविणे हेच कर्तव्य मानले. परिणामी झुडपे जरठ झाली, काड्या वाकड्या व ठिसूळ निघू लागल्या, आणि विणणाऱ्या स्त्रियांना हाताशी असलेल्या रानात साहित्य मिळेनासे झाले. अलीकडे क्लॅमथ नदीकाठच्या कारुक व युरोक लोकांनी, मुख्यतः हेझलच्या काड्यांसाठी, नियंत्रित आगीची प्रथा पुन्हा चालू केली आहे. कॅलिफोर्निया राज्यानेही २०२१ मध्ये अशी आग लावणाऱ्यांना काही कायदेशीर संरक्षण दिले.

वनस्पतीचा इतिहास लिहिताना तिचे नाव कोणी ठेवले ह्याबरोबरच तिला वर्षानुवर्षे कोणी कापले, कशासाठी कापले आणि त्यांचा तो अधिकार कोणी हिरावला, हेही लिहिले गेले पाहिजे. हिवाळी उद्यानातील तांबड्या डहाळ्यांचे सौंदर्य त्यामुळे उणावत नाही. ते कोणत्या श्रमावर उभे आहे, एवढेच स्पष्ट होते.