उजेड मंद करण्याची गोष्ट

पंख्याचा जुना रेग्युलेटर अनेक श्रोत्यांना आठवत असेल. भिंतीवरचा तो चौकोनी खोका, त्यावर आकड्यांची फिरकी. पंखा एकवर ठेवला, की खोका तापत असे. पंख्याला नको असलेली वीज आतल्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन वाया जाई. दिव्याचा उजेड कमी करण्याची रीतही बरीच वर्षे अशीच होती. आज शाळकरी मुलगी टेबलावर एलईडीचा दिवा जोडते, एका छोट्या चिपच्या मदतीने तो हवा तेवढा मंद करते, आणि काही तापत नाही. हे कसे घडले?

कंदिलाची वात खाली केली, की उजेड कमी होई आणि तेलही वाचे. विजेच्या दिव्याला वात नाही. लंडनचे सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये सुमारे १,२०० विजेच्या दिव्यांनी उजळले. तिथे रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करता येत. नाटकातली पहाट किंवा संध्याकाळ दाखवायची तर ते हवेच. पुढे अनेक नाटकगृहांत त्यासाठी मोठमोठे रेझिस्टन्स बसले आणि उजेड वाचला तरी वीज उष्णतेत जात राहिली.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर तयार झाला. दोन वर्षांनी जोएल स्पिरा यांनी त्यावर चालणारा, घराच्या भिंतीत मावेल असा डिमर बनवला. विजेची प्रत्येक लाट पूर्ण येऊ न देता तिचा थोडा भाग कापायचा, ही त्यातली युक्ती. अडवून जाळण्याऐवजी चालू-बंद करणे, हा मोठा बदल होता. बल्बची तार तापलेली असल्याने मधल्या खंडात ती विझत नसे.

एलईडीचे तसे नाही. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाशाचा एलईडी दाखवला. निळ्यासाठी तीस वर्षे थांबावे लागले. १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी आला, त्यातून पुढे पांढरा दिवा शक्य झाला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना आकासाकी आणि आमानो यांच्यासह मिळाले. हा दिवा वीज थांबताच जवळजवळ तत्क्षणी विझतो. मग चालू-बंद केल्यावर तो लुकलुकताना का दिसत नाही?

याचे उत्तर एलईडीच्या कितीतरी आधी मिळाले होते. १८३४ मध्ये इंग्लंडच्या टॅलबॉट यांनी आणि त्याच सुमारास बेल्जियमच्या प्लॅटो यांनी दाखवले, की प्रकाश पुरेशा वेगाने चालू-बंद झाला, तर डोळ्याला त्याची सरासरी दिसते. निम्मा वेळ चालू, तर निम्मा प्रकाश. हेच प्लॅटो पुढे स्वतःची दृष्टी गमावून बसले.

हे काम चिपने करायचे. एका चिपवरचा संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, १९७४ पासून बाजारात मिळू लागला. पण तो हाताळणे तज्ज्ञांचे काम होते. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी, रचना शिकवणाऱ्या एका संस्थेत, विद्यार्थ्यांना परवडेल असा आर्डुइनो बोर्ड तयार झाला आणि ही विद्या घरोघरी पोहोचली.

जोडणी सोपी आहे. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. बोर्ड ५ व्होल्ट देतो. उरलेले २ व्होल्ट रेझिस्टन्सने घ्यायचे. २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी २ भागिले ०.०२, म्हणजे १०० ओहम. प्रत्यक्षात १५० किंवा २२० ओहमचा लावावा, म्हणजे एलईडी आणि बोर्ड दोन्ही सुरक्षित. एलईडीचा लांब पाय धनाकडे. १२ व्होल्टची पट्टी लावायची असेल, तर मध्ये मॉस्फेट हवा. बोर्डातून थेट तेवढा प्रवाह घेऊ नये. प्रोग्रॅममध्ये ० म्हणजे बंद आणि २५५ म्हणजे पूर्ण. मात्र १२८ वर दिवा निम्मा दिसत नाही, बराच उजळ दिसतो. डोळ्याला निम्मा वाटायला प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा पुरतो.

एक सावधगिरी मात्र हवी. सरासरी डोळ्याला दिसते, म्हणून लुकलुक शरीराला जाणवतच नाही असे नाही. काहींना त्याने डोकेदुखी होते, डोळे थकतात. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, पूर्ण चालू-बंद होणाऱ्या दिव्याचा वेग सेकंदाला १,२५० वेळांहून अधिक असावा. ३,००० असल्यास उत्तम. आर्डुइनो ऊनोच्या बहुतेक पिनांवर तो मुळात सुमारे ४९० असतो. शोभेच्या माळेला तो चालेल. अभ्यासाच्या दिव्याला नको. नऊ आणि दहा क्रमांकाच्या पिनांवर, टायमरची एक ओळ बदलून तो ३,९०० च्या आसपास नेता येतो.

विकतचा दिवाही तपासून पाहा. तो मंद करून त्याखाली पेन्सिल झपाझप हलवा. अखंड पुसट पट्टा दिसला तर ठीक. एकाच्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर तो दिवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवू नका.