तेवीस अंशांची रेषा

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी विमानांसाठी धावपट्टी बांधली. आज तेथे विमानतळ आहे. मे महिन्यात या भागातले तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हा आकडा लक्षात ठेवू या. कारण पेट्रोलविषयीचे आपले नियम ज्या आकड्यावर उभे आहेत, तो विलायतेच्या थंड हवेत ठरला.

पेट्रोल जळते म्हणजे त्याची वाफ जळते. ज्या किमान तापमानाला द्रवावरची वाफ ज्योत दाखवताच क्षणभर भपकन पेटते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो उणे ४० अंशांच्याही खाली असतो. ब्रिटनच्या १८६८ च्या कायद्यात धोक्याची मर्यादा १०० अंश फॅरनहाइट होती आणि तपासणी उघड्या भांड्यात होई. वाफ उडून जाई, झुळूक आली की निकाल बदले. रसायनज्ञ फ्रेडरिक एबल यांनी बंद झाकणाचे उपकरण तयार केले. त्यात तेच तेल बऱ्याच कमी तापमानाला भपका देई, म्हणून १८७९ च्या कायद्यात मर्यादा ७३ अंश फॅरनहाइट झाली. ही सवलत नव्हती, मापनाची पद्धत बदलली होती.

आपल्याकडे १८९८ मध्ये स्फोटकांसाठी स्वतंत्र खाते निघाले, १८९९ मध्ये पेट्रोलियम कायदा आला, आणि १९३४ चा कायदा दुरुस्त्यांसह आजही चालतो. त्यानुसार २३ अंश सेल्सिअसच्या खाली फ्लॅश पॉइंट असेल तर 'अ' वर्ग, २३ ते ६५ पर्यंत 'ब'. हे २३ म्हणजे जवळजवळ तेच ७३ फॅरनहाइट! रॉकेल 'ब' वर्गात येते. त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश हवा. पण बिरसीच्या उन्हात ठेवलेले रॉकेल स्वतःच ३५ च्या वर जाईल. वर्गवारीतला 'ब' म्हणजे निर्धोक नव्हे, हे विदर्भातल्या शिक्षकांनी तरी मुलांना सांगायलाच हवे. रॉकेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले तर फ्लॅश पॉइंट झपाट्याने उतरतो आणि घरातला स्टोव्ह भडकतो.

नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या या खात्याचे, म्हणजे आजच्या 'पेसो'चे, मुख्यालय नागपुरात आहे. पंपाच्या जागेसाठी जिल्हाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. म्हणजे राखणदार दोन. पण राखण करणे सोपे नाही. स्वस्त रॉकेल आणि महाग इंधन यांच्या किमतीतल्या फरकावर भेसळीचा मोठा धंदा उभा राहिला होता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे ही भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

पंपावर मोबाइलबंदीच्या पाटीवर वाद रंगतात; प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देण्या-घेण्याकडे मात्र कुणी फारसे पाहत नाही. वास्तविक प्लास्टिकवर साचलेल्या स्थिरविद्युत भाराची ठिणगी वाफ पेटवू शकते. कायद्यात विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, पण घट्ट बुचाच्या भांड्यात: काच वा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर पंचवीस. या यादीत प्लास्टिक नाही. १९३४ साली ते घरोघरी पोचलेलेच नव्हते.