देहाची साक्ष : केडगावातील एक जुना वाद

ख्रिस्ती तरुणांच्या मेळाव्यांत एक नाट्यप्रकार आता चांगलाच रुळला आहे. ध्वनिमुद्रित गीत लावले जाते आणि मुले-मुली एकही शब्द न उच्चारता, केवळ हालचालींतून पाप, पश्चात्ताप व क्षमा यांची कथा उभी करतात. काही वडीलधाऱ्यांना हे परदेशी खूळ वाटते. उपासनेत नाचणे त्यांना अशोभनीय वाटते. हा आक्षेप मात्र नवा नाही. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो घेतला गेला होता.

१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या सुमारास गुजरातमधून पंडिता रमाबाईंनी अनाथ मुली व विधवा केडगावच्या 'मुक्ति'सदनात आणल्या. जून १९०५मध्ये तेथे आध्यात्मिक जागृतीची लाट उसळली. मुली रडू लागल्या, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, टाळ्या वाजवू लागल्या. काही आनंदाने नाचू लागल्या. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या कित्येक मिशनऱ्यांना हा केवळ भावनेचा उद्रेक वाटला. १९०७मध्ये 'मुक्ति प्रेयर बेल'मध्ये रमाबाईंनी या टीकेचा परामर्श घेतला. हिंदी ख्रिस्ती माणसांना आपल्या पद्धतीने भक्ती व्यक्त करण्याची मोकळीक असावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

ही भूमिका घेणाऱ्या रमाबाई पुराणिकाच्या कन्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासमवेत तीर्थोतीर्थी फिरताना पुराणकथन ऐकतच त्या वाढल्या. स्वर आणि कथा यांनी श्रोता कसा हलतो, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. शिवाय त्या स्वतः विधवा होत्या. केशवपन झालेल्या, मंगलकार्यातून दूर ठेवलेल्या स्त्रीने उघडपणे टाळी वाजवणे, नाचणे याचा अर्थ त्या काळात केवढा होता! समाजाने जो देह अशुभ ठरवला, तोच येथे साक्ष देत होता. टीकाकारांना दिसला तो गोंगाट. हा पालट त्यांच्या ध्यानात आला नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाजवळ आणखी एक वारसा होता, तो कीर्तनाचा. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती कीर्तनकारांनी येशूचे आख्यान टाळ-मृदंगाच्या साथीने लावले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या देशी वळणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. कीर्तनात बोलणारा, गाणारा आणि अभिनय करणारा एकच असतो. श्रोत्यांचा कल पाहून तो आख्यान लांबवतो, आवरते घेतो. श्रोतेही त्याच्यामागून ध्रुपद धरतात.

ध्वनिमुद्रित गीतावरील नाट्यात हे घडत नाही. गीताची लांबी आधीच ठरलेली, आवाज दुसऱ्याचा आणि प्रेक्षक मुका. म्हणून आमची हरकत नाचण्याला नाही. देहाला उपासनेत जागा देण्याचा प्रश्न रमाबाईंनी केव्हाच निकालात काढला आहे. विचारायचे ते एवढेच की, हालचाल मुलांची असताना सूर आणि शब्दही त्यांचेच का असू नयेत? गावातली पेटी, ढोलकी आणि मुलांचे कच्चे गळे एवढ्यावरही ते नाट्य उभे राहू शकेल.