डॉबरमन : एका करवसुली अधिकाऱ्याचे नाव

डॉबरमन हे मुळात एका माणसाचे आडनाव. कार्ल फ्रीडरिश लुई डॉबरमन (१८३४–१८९४) हे जर्मनीतील थुरिंगिया प्रदेशातल्या आपोल्डा गावचे. करवसुली हे त्यांचे एक काम. भटकी कुत्री पकडण्याचे कामही त्यांच्याकडे असल्याचे सांगतात. वसुलीच्या फेरीत सोबतीला धीट व इमानी कुत्रा असावा, या गरजेतून त्यांनी ही जात घडविली, अशी परंपरागत हकिकत आहे. कोणत्या जातींचा संकर केला, याची लेखी नोंद मात्र त्यांनी मागे ठेवली नाही. त्यांच्या पश्चात ओटो ग्योलर प्रभृतींनी जात स्थिरावली आणि तिला ‘डॉबरमन पिन्शर’ हे नाव रूढ झाले. १९४९ साली जर्मनांनी त्यातील ‘पिन्शर’ वगळले. आडनाव तेवढे राहिले.

अॅडम स्मिथने १७७६ मध्ये चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या. वसुलीचा खर्च कमीत कमी असावा, ही त्यांतली शेवटची. या खर्चात आपण पगार व कचेऱ्या मोजतो. दारोदार जाणाऱ्या कर्मचाऱ्याची असुरक्षितता हिशेबात धरत नाही. डॉबरमन यांनी तो भार स्वतःच उचलला. म्हणून या नावाला मी प्रशासनाच्या इतिहासातही जागा देतो.