पदमपूर ते वडसा : नाटकाच्या धंद्याची गोष्ट

स्मरणिकेच्या संपादकांनी "आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिही" असे सांगितले. मी संगणकाची माणूस. दहावीत इतिहासात मला किती गुण होते हे आमच्या सरांना आठवत नसावे, अशी आशा आहे. तरी नाटकाबद्दल लिहायचे ठरवले, कारण हा विषय बरीच वर्षे डोक्यात आहे.

सुरुवात आपल्याकडची नाही. कामानिमित्त काही महिने लंडनला होते तेव्हा मायकेल फ्रेन या लेखकाचे 'नॉइजेस ऑफ' हे नाटक पाहिले. १९८२ मध्ये ते प्रथम रंगमंचावर आले आणि अजूनही जगभर होते. एक फिरती नाटक कंपनी एक फार्स बसवते आहे. पहिल्या अंकात त्या फार्सची रंगीत तालीम दिसते. दुसऱ्या अंकात सगळा सेट उलटा फिरवलेला असतो आणि तोच प्रयोग आपण मागच्या बाजूने पाहतो. नटांची भांडणे, रुसवे, चुकलेल्या एन्ट्र्या, आणि हे सगळे आवाज न करता, कारण पलीकडे प्रयोग चालू आहे. तिसऱ्या अंकात पुन्हा पुढून, पण तोवर कंपनी पार मोडकळीला आलेली. फ्रेनला ही कल्पना स्वतःचेच एक नाटक विंगेतून बघताना सुचली. पुढून दिसते त्यापेक्षा मागून ते जास्त विनोदी आहे असे त्याला वाटले.

लोक हसून हसून लोळत होते. मीही हसले, पण मला सारखे वाटत होते, हे तर मी आधीच पाहिले आहे, तेही तणसावर बसून.

माझे आजोळ अर्जुनी-मोरगावच्या अंगाला. आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, तोवर आपण पांगलोही होतो. लहानपणी गोंदियाहून छोट्या गाडीने मामाजींच्या गावी जायचो. ही लाइन पुढे वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत चांदाफोर्टला जाते. ती मोठी झाली १९९० च्या दशकात. आपल्या फुलचूरला भाऊबीजेनंतर मंडई, रात्री दंडार, एवढे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. पण दक्षिणेला जसजसे जावे तसतसे नाटक वाढत जाते. शंकरपट दिवसा, नाटक रात्री. नाटक दहाला सुरू होऊन पहाटे संपायचे.

मामाजी गावच्या नाट्य मंडळात होते, म्हणून आम्हा पोरांना अगदी स्टेजच्या कडेला जागा मिळायची. कनातीच्या फटीतून आतले सगळे दिसायचे. एका नाटकात नायिकेचा बाप पहिल्या अंकात मरतो. बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि तो बाप आत पाटावर बसून बशीतून चहा पीत होता. विंगेत प्रॉम्प्टर वही उघडून बसलेला. नटांच्या तालमी फार झालेल्या नसत, रोज वेगळे गाव आणि कधीकधी वेगळे नाटक, त्यामुळे अर्धे नाटक त्याच्या तोंडून आम्हाला आधीच ऐकू यायचे. एकदा नटाने प्रॉम्प्टरची खालच्या आवाजातली सूचनाच संवाद म्हणून म्हटली. पब्लिकला तो विनोद वाटला आणि मोठा हशा पिकला. पुढच्या अंकात त्या नटाने ती मुद्दाम पुन्हा म्हटली.

हसे मिळाले की ते पदरात ठेवायचे. झाडीपट्टीत विनोदी नटाचे मोल फार. नाटक कितीही रडके असो, विनोदी पात्र चालले नाही तर पुढच्या वर्षी त्या कंपनीचे बुकिंग होत नाही. याची मुळे दंडारीत आणि खडी गंमतीत आहेत. उभ्याने सादर होते ती खडी गंमत. त्यात गावातल्याच कुणाची तरी थट्टा जागच्या जागी केली जाते. नाटक शहरातून आले, पण इथे रुजताना त्याने हा टवाळपणा आणि दोन प्रवेशांतली गाणी उचलून घेतली. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे आयुष्यभर या रंगभूमीवर विनोदी भूमिका करत राहिले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मामाजींचा फोन आला, "पाहिलं का, आपल्या हसवणाऱ्याला दिल्लीनं बोलावलं."

आता जरा मागे जाते, तब्बल बाराशे वर्षे. आमगावजवळच्या पदमपूरला आपली सहल गेली होती, आठवते? डबे खाल्ले आणि परत आलो. संस्कृतचा मोठा नाटककार भवभूती हा विदर्भातल्या पद्मपुराचा, हे त्याने स्वतःच नाटकांच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. ते पद्मपूर म्हणजे आपले पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. काळ आठव्या शतकाचा. 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित' ही त्याची तीन नाटके. तिन्हींच्या सुरुवातीला सूत्रधार सांगतो, की कालप्रियनाथाच्या यात्रेसाठी जमलेल्या लोकांपुढे हा प्रयोग होणार आहे. म्हणजे यात्रा भरली आहे, गावोगावचे लोक आले आहेत, आणि रात्र काढायला नाटक आहे. ही आपली मंडईच झाली की!

आणखी एक गंमत. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत भवभूती आपल्याला नावे ठेवणाऱ्यांवर रागावतो. माझ्या जातकुळीचा रसिक कधीतरी जन्मेल, काळ अमर्याद आहे, पृथ्वी मोठी आहे, अशी स्वतःची समजूत घालतो. एवढ्या थोर माणसाचीही तिकीटबारीची चिंता सुटली नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावते. (पंडित मंडळींनी क्षमा करावी.) विशेष म्हणजे संस्कृत नाटकात ठरलेला असणारा विदूषक भवभूतीच्या नाटकांत नाही. त्याने तो वगळला. आमच्या मामाजींनी त्याला बयाणा दिला नसता.

बयाण्यावरून वडसा आठवले. कागदोपत्री देसाईगंज, पण सगळे म्हणतात वडसा. गडचिरोली जिल्ह्यातले हे रेल्वेचे गाव झाडीपट्टी नाटकांची पेठ कसे झाले? छापखान्यांमुळे. नाटकाची पत्रके, तिकिटे, भिंतीवर लावायचे पोस्टर हे सगळे छापायला आसपासच्या गावांची मंडळे वडशाला यायची. त्यामुळे कोणत्या गावात कोणत्या तारखेला काय आहे, कोणता नट मोकळा आहे, हे छापखानेवाल्याला सगळ्यात आधी कळायचे. तोच मग गाव आणि नट यांची गाठ घालून देऊ लागला, आणि पुढे स्वतःच कंपनी काढू लागला. म्हणून अजूनही लोक विचारतात, "कोणत्या प्रेसचं नाटक आणलं?" दिवाळीच्या सुमारास तिथे कंपन्यांच्या कार्यालयांच्या रांगा लागतात आणि गावोगावची मंडळे येऊन तारीख पक्की करतात. मी पोटासाठी बुकिंगची सॉफ्टवेअर लिहिते. एकाच नटाच्या दोन गावांच्या तारखा भिडू न देणे किती अवघड असते ते मला ठाऊक आहे. हे लोक ते एका डायरीवर करत आले.

हंगाम दिवाळीनंतरचा ते होळीपर्यंतचा, तोही उगाच नाही. धान कापून झालेले असते, बांध्या रिकाम्या होतात, हातात थोडा पैसा येतो. रिकाम्या बांधीतच स्टेज उभे राहते. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, लाखोरीच्या डाळीचे वडे. पोरी दाखवणे आणि सोयरीक जमवणे यात नाटकाच्या निमित्ताने किती उरकते याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. माझ्या मावशीचे असेच जमले.

पण या धंद्यात जोखीम कोणाची, हे पुढून बघणाऱ्याला दिसत नाही. कंपनी ठरलेली रक्कम घेते. तिकिटे विकायची गावच्या मंडळाने. कनात, वीज, जनरेटर, नटांचे जेवण, सगळे मंडळाचे. उरले तर गावाच्या कामाला, तुटले तर मंडळातल्या पोरांच्या खिशातून. मी सातवीत होते त्या वर्षी ऐन नाटकाच्या संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. तणीस भिजले, तिकिटे निम्मीही गेली नाहीत. उरलेले पैसे मिळाल्याशिवाय पडदा उघडणार नाही, असे कंपनीच्या माणसाने सांगितले. त्याचेही चुकले नाही, त्यालाही वीस-पंचवीस माणसे पोसायची होती. रात्री अकराला मामाजी आणि आणखी दोघे गावच्या दुकानदाराकडे गेले आणि घरातल्या धानाच्या पोत्यांवर पैसे घेऊन आले. मग नाटक झाले. मामाजी पहिल्या रांगेत बसून विनोदी पात्राला खळखळून हसत होते आणि मामी घरात एक शब्द बोलत नव्हती. ती पोती लग्नासाठी ठेवलेली होती. फ्रेनच्या नाटकात हा चौथा अंक नाही.

त्यानंतर या रंगभूमीने बरेच सोसले. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, त्यात शंकरपटही गेले. पट थांबले, नाटक थांबले नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर, आणि इथला सगळा व्यवहार रोखीचा. मग २०२० ची टाळेबंदी. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि पट पुन्हा भरू लागले. दरम्यान २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट आला. झाडीपट्टीच्या नाटकधंद्याचीच ती मजेदार गोष्ट आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

नाटकात हिंदी गाण्यांवरचे नाच वाढले, संहिता पातळ झाल्या, अशी तक्रार मी ऐकते, आणि ती बरीच खरी आहे. पण काम करणाऱ्या बायकांकडे बघण्याची नजर हे मला त्याहून मोठे दुखणे वाटते. रात्री टाळ्या, सकाळी कुजबुज. आपल्या स्नेहसंमेलनात जिने सगळ्यांना हसवून लोळवले होते, त्या आपल्या मैत्रिणीला नाटकात बोलावणे आले होते. घरच्यांनी जाऊ दिले नाही. ती मेळाव्याला येणार आहे. तिने परवानगी दिली म्हणून लिहिते, नाव मात्र तिने घालू दिले नाही.

मामाजी आता थकले आहेत. मंडळाचे काम मामेभाऊ बघतो, बयाणा फोनवरून पाठवतो, पण तारीख पक्की करायला अजून स्वतः वडशाला जातो. यंदाचे नाटक ठरले की मी आपल्या ग्रुपवर कळवीन. ज्यांना यायचे असेल त्यांनी बसायला बोरा आणि पांघरायला चादर आणावी. वड्यांचे मामीने कबूल केले आहे. तिकीट मात्र प्रत्येकाने विकत घ्यायचे, फुकट पास नाहीत.